ड्रायरच्या खोक्यावर वॅट छापतात, तापमान नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत केसांच्या निगेविषयी मजकूर नियमित येतो आणि मी तो आवर्जून वाचते. तेल कोणते लावावे, शिकेकाई चांगली की शांपू, मेथ्या भिजवून वाटाव्यात की नाही, यावर त्यात सविस्तर चर्चा असते. हेअर ड्रायरचा विषय मात्र ‘ड्रायरचा वापर शक्यतो टाळावा’ एवढ्या एका वाक्यात उरकलेला असतो. हे वाक्य चुकीचे नाही, पण ज्या घरात ड्रायर आधीच आलेला आहे त्या घराला त्याचा उपयोगही नाही, आणि ड्रायर आता तालुक्याच्या गावांतल्या घरांतही आलेला आहे. तो घरच्या घरी कसा वापरावा आणि विकणाऱ्यांनी त्याच्या खोक्यावर काय छापले पाहिजे, या दोन गोष्टींविषयी लिहावेसे वाटले, म्हणून हा पत्रप्रपंच.

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी बेसिक कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा व्यवसाय अनेक वर्षे शिकवला. शेजारच्याच इमारतीत वीजतंत्रीचा वर्ग भरत असल्यामुळे आमच्या उपकरणांची दुरुस्ती आणि त्याबरोबर मिळणारी बोलणी या दोन्हींचा लाभ आम्हाला होत असे. आमच्या विद्यार्थिनी दुसऱ्याच्या डोक्यावर ब्लो ड्राय करायला लवकर शिकत. स्वतःच्या केसांवर तेच काम करताना मात्र त्यांची तारांबळ उडे, कारण एका हातात ड्रायर, दुसऱ्यात गोल ब्रश, मानेमागचे काही दिसत नाही आणि आरशात सारे उलटे. घरी होणारे नुकसान बहुतांशी याच अडचणीतून होते. हात अवघडला की माणूस ड्रायर केसांच्या जवळ आणतो, एकाच जागी धरून ठेवतो आणि काम लवकर संपावे म्हणून उष्णतेचे बटण शेवटपर्यंत सरकवतो.

‘शक्यतो टाळावा’ म्हणणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करायला हवा. जुलै महिन्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि कमरेपर्यंतचे दाट केस त्या हवेत दुपारपर्यंतही वाळत नाहीत. सकाळी सातची लोकल किंवा एसटी गाठणारी स्त्री ते ओलेच गुंडाळून अंबाडा घालते आणि दिवसभर तो ओलावा टाळूवर वागवते. त्याने केसांना कुबट वास येतो, टाळूला खाज सुटते आणि कोंड्याची प्रवृत्ती असेल तर ती बळावते. आपल्याकडे न्हाऊन झाल्यावर, विशेषतः बाळंतिणीचे, केस शेगडीतल्या धुपावर सुकवण्याची रीत होती ती उगाच नव्हे; आणि तेव्हा केस पसरून, निखाऱ्यापासून बेताच्या अंतरावर धरले जात, हे विसरू नये.

उष्णता केसांवर नेमके काय करते हे समजले तर पद्धत आपोआप समजते. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याला आकार देणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे असतात. गंधकाचे बंध पक्के असतात. ते साध्या पाण्याने किंवा ड्रायरने सुटत नाहीत, ते सोडवायला पर्मिंग किंवा स्ट्रेटनिंगची रसायने लागतात. दुसरे हायड्रोजन बंध कच्चे असतात. केस भिजला की ते सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. रात्री ओल्या केसांची वेणी घालून झोपलेल्या मुलीचे केस सकाळी लाटालाटांचे होतात ते याच कारणाने. ब्लो ड्राय म्हणजे हेच काम ब्रशच्या ताणाखाली आणि घाईने करणे. त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, केस अगदी ओले असताना दिलेला आकार वाया जातो, कारण बंध जुळण्याची वेळ वाळण्याच्या अखेरीस येते. दोन, केस गरम असताना ब्रशवरून सोडला तर आकार ढिला पडतो. तो निवेपर्यंत ब्रशवर राहिला पाहिजे. ड्रायरवरचे थंड हवेचे, म्हणजे ‘कूल शॉट’चे, बटण यासाठीच असते, आणि ज्यांच्याकडे ड्रायर आहे त्यांतील कित्येकांनी ते एकदाही दाबलेले नसते. दमट हवेत बाहेर पडल्यावर सकाळची सगळी मेहनत तासाभरात उतरते, त्याचेही कारण तेच: हवेतील ओलावा केसात शिरतो आणि कच्चे बंध पुन्हा सुटतात. पावसाळ्यात कोकणात सरळ केसांचा हट्ट धरणे मला म्हणूनच व्यर्थ वाटते; त्या दिवसांत केस फक्त वाळवावेत आणि बांधावेत.

उष्णतेने होणाऱ्या हानीविषयी दक्षिण कोरियातील त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. कापलेल्या केसांचे पुंजके पुन्हा पुन्हा, एकूण तीस वेळा, धुऊन वाळवण्यात आले. काही पुंजके नुसत्या हवेवर वाळवले, काही १५ सेंटिमीटर अंतरावरून ६० सेकंद, काही १० सेंटिमीटरवरून ३० सेकंद आणि काही ५ सेंटिमीटरवरून १५ सेकंद ड्रायरने वाळवले. केसांपाशी तापमान अनुक्रमे ४७, ६१ आणि ९५ अंश सेल्सिअस भरले. अंतर कमी होत गेले तसतसे केसाच्या पृष्ठभागावरील खवल्यांचे नुकसान वाढत गेले, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते हे की केसाच्या आतील पेशींना जोडणाऱ्या थराची हानी आपोआप वाळलेल्या केसांत आढळली, कारण ते फार वेळ पाण्याने फुगलेले राहिले असावेत असे संशोधकांना वाटले. त्यांची शिफारस अशी होती की ड्रायर १५ सेंटिमीटरवर धरावा आणि सतत हलता ठेवावा. प्रयोग लहान होता आणि जिवंत माणसाच्या डोक्यावर केलेला नव्हता, त्यामुळे त्याला वेदवाक्य मानू नये. पण पाच आणि पंधरा सेंटिमीटरमध्ये तापमान जवळजवळ निम्म्यावर येते ही मोजलेली गोष्ट आहे, आणि ते अंतर म्हणजे फक्त एक वीतभर किंवा त्याहून थोडे कमी.

आता घरची पद्धत. धुतलेले केस खरखरीत टॉवेलने चोळू नयेत आणि आपल्या आजीसारखे झटकूही नयेत. ओला केस कोरड्यापेक्षा अधिक ताणला जातो आणि सहज तुटतो. जुना सुती पंचा केसांभोवती गुंडाळून दाबून पाणी टिपावे. परदेशी बनावटीच्या महागड्या मायक्रोफायबर टॉवेलपेक्षा आपला मऊ पडलेला पंचा हे काम तितकेच चांगले करतो. मग मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून सुरुवात करून वर जात गुंता काढावा. यानंतर थांबावे. चहा घ्यावा, डबा भरावा, पण केस हाताला ओलसर लागतील आणि त्यांतून पाणी मात्र गळणार नाही इतके वाळल्याशिवाय गोल ब्रश हातात घेऊ नये. थांबायला वेळ नसेल तर ड्रायर मध्यम उष्णतेवर ठेवून, ब्रश न लावता, बोटांनी मुळे मोकळी करत आधी एवढा ओलावा घालवावा. माझ्या मते सगळ्या कामातील हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच वगळला जातो. ओल्याचिंब केसांवर ब्रश आणि कडक हवा एकदम लावली तर केस ताणले जातात, भाजले जातात आणि शिवाय वेळही जास्त लागतो.

नंतर केसांचे कपाळापासून मानेपर्यंत आणि कानापासून कानापर्यंत भाग पाडून चार चाप लावावेत आणि मानेवरच्या भागापासून सुरुवात करावी. ब्रशच्या रुंदीएवढीच बट घ्यावी. तोटीला चपटे तोंड, म्हणजे नोझल, लावूनच ठेवावे. ते काढून टाकले की हवा चारी दिशांना पसरते आणि केस फिसकारतात. हवेचा झोत मुळाकडून टोकाकडे असावा, कारण केसावरचे खवले टोकाच्या दिशेला मिटतात. उलटा झोत दिला की ते उचलले जातात आणि चकाकी जाते. बट ताणून, ब्रशबरोबर ड्रायर पुढे नेत, दोन-तीन वेळा फिरवावी, वाळल्यावर गुंडाळून थंड हवा द्यावी, निवल्यावर सोडावी. मानेमागच्या बटा पुढे खांद्यावर ओढून घेतल्या तर हात अवघडत नाही. डाव्या बाजूला ड्रायर डाव्या हातात आणि उजव्या बाजूला उजव्या हातात घ्यायची सवय सुरुवातीला त्रासदायक वाटते, पण ती लागली की अर्धी तक्रार संपते. कपाळावर बारीक कापलेल्या बटा असतील तर मात्र त्या सर्वांत आधी घ्याव्यात; त्या आपोआप वाळून वेड्यावाकड्या बसल्या की पुन्हा भिजवल्याशिवाय वळत नाहीत.

ब्रशचा व्यास लहान तर वळण घट्ट, मोठा तर नुसता फुगवटा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. धातूच्या नळीचा ब्रश स्वतःच तापतो आणि केसाला दोन्ही बाजूंनी शेकतो, म्हणून नवशिक्यांनी तो टाळावा. कुरळ्या केसांना हे सगळे लागू नाही. त्यांना ब्रश लावायचाच नसतो; डिफ्यूझर, म्हणजे भोके असलेला वाडग्यासारखा जोड, तोटीला लावून मंद हवेवर केस त्यात तळहातावर झेलल्यासारखे धरायचे आणि पुरते वाळेपर्यंत बोटे घालायची नाहीत. आपल्याकडे कुरळे केस ही अजूनही दुरुस्त करायची गोष्ट समजली जाते याचे मला वाईट वाटते.

उष्णतेपासून बचाव करणारे फवारे आणि सिरम मिळतात. त्यांतील सिलिकोनचा पातळ थर केसापर्यंत उष्णता पोहोचण्याचा वेग कमी करतो. उष्णता थांबवत नाही. खोबरेल तेल हा त्याला पर्याय नव्हे. तेल लावून ड्रायर फिरवणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत. त्याने केस चिकट आणि गरम होतात, बाकी काही साधत नाही. तेलाचे काम न्हाण्याआधीचे आहे. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे २००३ मध्ये मुंबईतील संशोधकांनी खनिज तेल आणि सूर्यफुलाच्या तेलाशी तुलना करून दाखवले होते. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतील होते हे वाचकांनी ध्यानात घ्यावे, पण निष्कर्ष आपल्या आज्यांच्या अनुभवाशी जुळतो.

सरळ करण्याच्या इस्त्रीविषयी, म्हणजे स्ट्रेटनरविषयी, एकच गोष्ट निक्षून सांगते. ती ओल्या केसांना कधीही लावू नये. चर्र असा आवाज आला आणि वाफ निघाली की समजावे, केसाच्या आतले पाणी उकळले आहे. त्या वाफेने केसाच्या गाभ्यात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि त्या जागी तो काडीसारखा मोडतो. त्वचारोगतज्ज्ञ यालाच ‘बबल हेअर’ म्हणतात आणि ते केस कापण्यावाचून इलाज नसतो. ऑनलाइन मिळणारी घरगुती केराटिन ट्रीटमेंटची द्रावणे लावून त्यांवर ड्रायर किंवा इस्त्री फिरवण्याचे प्रकार तर सर्वस्वी टाळावेत. त्यांतील काहींमधून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, आणि हा पदार्थ माणसात कर्करोग निर्माण करणारा म्हणून आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेला आहे. बंद न्हाणीघरात ती वाफ श्वासाबरोबर घेणे हे सौंदर्यप्रसाधन नव्हे.

ड्रायरने टक्कल पडते, ही भीती मात्र अनाठायी आहे. त्वचेबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो आणि त्याचे मूळ त्वचेखाली काही मिलिमीटर खोल असते. टाळू पोळेल इतक्या जवळ ड्रायर धरला नाही तर उष्णता मुळाशी पोहोचत नाही. ब्रशमध्ये अडकलेला केस उजेडात धरून पाहावा: एका टोकाला पांढरट गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला आहे, आणि दिवसाला ५० ते १०० केस गळणे सामान्य समजले जाते, गाठ नसेल तर तो मधेच तुटलेला आहे आणि दोष वापरण्याच्या पद्धतीत किंवा पाण्यात शोधावा. मराठवाड्यात बोअरवेलच्या जड पाण्याने केस राठ होतात आणि त्याचा ठपका ड्रायरवर येतो, हे मी पुष्कळदा ऐकले आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. अनेक बोअरचे पाणी तिच्या बरेच वर असते. अशा ठिकाणी शेवटचा तांब्याभर पाण्याचा हात तरी नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याचा असावा.

आता विजेविषयी, कारण आपल्या पुरवणीत या बाजूचा उल्लेख मला कधी आढळला नाही. ड्रायरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० वॅट, १८०० वॅट, २००० वॅट असे छापलेले असते आणि ग्राहक तो आकडा गुणवत्ता समजून मोठ्यात मोठा घेतो. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची आहे. खोलीतील नेहमीचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे तो जेमतेम १३८० वॅटपर्यंतचे उपकरण झेलू शकतो. २००० वॅटचा ड्रायर ८.७ अँपिअर खेचतो. तो गीझरसारख्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावायला हवा. प्रत्यक्षात तो मोबाइलच्या चार्जरशेजारी, स्वस्त एक्स्टेंशन बोर्डावर, रोज लावला जातो, बोर्ड पिवळा पडतो, मग वितळतो, आणि घरातले म्हणतात ड्रायर खराब निघाला. मध्यम लांबीच्या केसांना घरी १००० ते १२०० वॅट भरपूर होतात. ड्रायरच्या मागच्या जाळीत केस आणि धूळ साचली की हवा कमी येते, आतली तार अधिक तापते आणि जळका वास येतो. जुन्या टूथब्रशने ती जाळी अधूनमधून साफ केली तर ड्रायर अनेक वर्षे चालतो.

न्हाणीघरात ड्रायर वापरू नये, हे सर्वांना ठाऊक असते, आणि तरी आरसा तिथेच असल्यामुळे तो तिथेच वापरला जातो. बटण बंद असले तरी प्लग लावलेल्या ड्रायरच्या आत वीज असू शकते. अमेरिकेत १९९१ पासून हातातील ड्रायरच्या प्लगमध्येच असे रक्षक बसवणे आवश्यक आहे की ड्रायर पाण्यात पडला तर प्रवाह तत्काळ तुटावा. आपल्याकडे मिळणाऱ्या ड्रायरना ते सहसा नसते, म्हणून घराच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेणे शहाणपणाचे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तो बहुधा नसतो. याच संदर्भात अमेरिकेतील लेकीसुनांनी प्रेमाने पाठवलेल्या ड्रायरविषयीही सांगायला हवे. तिकडची वीज १२० व्होल्टची असते. तो ड्रायर नुसता पिनांचा अडॅप्टर लावून आपल्याकडे चालू केला तर त्यातील तार साडेतीन पटींहून अधिक तापते आणि काही क्षणांत जळते. ज्यावर दोन्ही दाबांसाठी सोय आहे असे स्पष्ट लिहिलेले असेल, तोच वापरावा.

माझी तक्रार उत्पादकांबद्दल आहे. स्ट्रेटनरवर निदान तापमानाचे आकडे असतात. ड्रायरच्या खोक्यावर वॅट, रंग आणि ‘आयॉनिक’ यांसारखी विशेषणे असतात, पण प्रत्येक पायरीवर १५ सेंटिमीटर अंतरावर हवा किती अंश तापते हे बहुतेक कंपन्या छापत नाहीत. ते मोजायला फारसा खर्च येत नाही. मोठ्या वॅटच्या ड्रायरवर त्याशेजारी ‘१६ अँपिअरचा सॉकेट आवश्यक’ असा शेराही हवा. वेष्टनावरील मजकुरासंबंधीचे २०११ चे वैधमापनशास्त्र नियम तो हिंदीत किंवा इंग्रजीत असला तरी चालवून घेतात, त्यामुळे मराठीचा आग्रह ग्राहकांनी आणि वृत्तपत्रांनीच धरावा लागेल. आपण पुढच्या वेळी ड्रायरची जाहिरात घ्याल तेव्हा जाहिरातदाराकडे हे दोन आकडे मागून पाहावेत, आणि पुरवणीतील लेखकांनी ‘टाळावा’ऐवजी अंतर आणि वेळ लिहावी, अशी विनंती आहे.

तोवर दुकानात ड्रायर घेताना तो चालू करून दाखवायला सांगावे आणि वीतभर अंतरावर आपला तळहात धरावा. मधल्या पायरीवर दहा सेकंद हात न हलवता धरवत नसेल, तर तो घेऊ नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशिका, सांगली